सायलेन्सरची गळती : घरच्या घरी तपास आणि दुरुस्ती

कापडवाले, बेकरीवाले, फर्निचरचे कारागीर अशा आपल्या बहुतेक भावांच्या दाराशी आज एखादी व्हॅन उभी असते. माल त्यातच, माणसे त्यातच, आणि शुक्रवारी घरची मंडळीही त्यातच. मात्र तिच्या सायलेन्सरकडे आवाज वाढेपर्यंत कोणी पाहत नाही.

दोन पावसाळ्यांपूर्वी भिवंडीहून तागे घेऊन येताना आमच्या दुकानातील मुलाला चक्कर आली व उलटी झाली. हॉटेलातले खाणे बाधले असे आम्ही समजलो. पुढच्या फेरीत पुन्हा तेच झाले. दोन्ही वेळा पावसामुळे काचा बंद होत्या, आणि गाडीतून उतरल्यावर अर्ध्या तासात त्याला बरे वाटले. तेव्हा संशय आला. एका गॅरेजवाल्याने "पूर्ण सायलेन्सर बदला" असे सांगितले. प्रत्यक्षात फक्त जोडावरचे पॅकिंग जळाले होते.

धोका कोणता?

इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक जोराने तो रक्ताला चिकटतो. डोके दुखणे, मळमळ, चक्कर, झोप येणे ही त्याची लक्षणे आहेत. ओम्नी, ईको यांसारख्या गाड्यांत इंजिन पुढच्या सीटखालीच असते. तेथे गळती झाली की धूर आत यायला वेळ लागत नाही.

गळती का होते?

एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ तेवढेच पाणी वाफ होऊन बाहेर पडते. दुकान ते गोदाम अशा छोट्या फेऱ्यांत पाइप पुरता तापत नाही. ते पाणी सायलेन्सरमध्येच साचते आणि पत्रा आतून गंजतो. शिवाय लटकवण्याचे रबर तुटले की पाइप हलतो व जोडावर ताण येतो. सायलेन्सरच्या तळाला कधी कधी पाणी निथळण्यासाठी कारखान्यानेच बारीक छिद्र ठेवलेले असते. ती गळती नव्हे, ते बुजवू नये.

तपास कसा करावा?

तपास उघड्या जागेतच करावा, बंद शेडमध्ये कधीही नाही. गाडी सीएनजीवर असेल आणि गॅसचा वास येत असेल, तर तपास करू नये. वॉल्व्ह बंद करून कारागिराला बोलवावे.

१) फजरनंतर, इंजिन पूर्ण थंड असताना गाडी चालू करावी. इंजिनाजवळ 'टिकटिक' ऐकू आली आणि गरम झाल्यावर कमी झाली, तर गळती मॅनिफोल्डपाशी असण्याचा संभव आहे. धातू तापून फुगतो व फट मिटते. मागून फरफर आवाज आला तर पाइप किंवा सायलेन्सर पाहावा.

२) गाडी बंद करून जोडांवर टॉर्च मारावा. काळी काजळी दिसली तर वाट सापडली.

३) थंड पाइपावर साबणाचे पाणी लावावे. दुसऱ्या माणसाने गाडी चालू करून, हातमोजा घालून, मागच्या तोंडाशी जाड ओले कापड काही क्षणच धरावे. जेथे फुगे येतील किंवा 'स्स' आवाज होईल, तेथे गळती.

दुरुस्ती

दोन-तीन तास इंजिन थंड होऊ द्यावे. गाडी सपाट जागी उभी करून, हँडब्रेक ओढून चाकांना ठोकळे लावावेत. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये, पक्के स्टँड लावावेत. जान ही अल्लाहची अमानत आहे.

बारीक छिद्र असेल तर तारेच्या ब्रशने गंज खरवडून चकचकीत धातू काढावा आणि सायलेन्सरसाठी मिळणारी उष्णता सोसणारी पुट्टी लावावी. नळाला लावतो ती साधी पुट्टी येथे जळून गळून पडते. छिद्र मोठे असेल तर पुट्टीवर पत्र्याची पट्टी गुंडाळून दोन बाजूंना क्लॅम्प आवळावेत. डब्यावर लिहिलेला वेळ सुकू द्यावे, मग इंजिन थोडा वेळ मंद चालवावे. मात्र हे तात्पुरते काम आहे. पत्रा बोटाने दाबून खचत असेल तर तो भाग बदलावाच.

जोडाचे पॅकिंग गेले असेल तर गंजलेल्या नटांवर रात्रीच गंज सोडवणारे तेल टाकावे. जुने पॅकिंग पूर्ण खरवडावे, नवे बसवावे आणि नट आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत. एकच बाजू आधी घट्ट केली तर जोड वाकडा बसतो. शेवटी साबणाच्या पाण्याची परीक्षा पुन्हा घ्यावी.

कारागिराकडे केव्हा?

मॅनिफोल्डला तडा असेल, बोल्ट आतच तुटला असेल किंवा वेल्डिंग लागणार असेल, तर स्वतः हात घालू नये. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची वायर काढायला सांगावे. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी गळती असेल तर बाहेरची हवा आत शिरते, सेन्सर फसतो आणि इंजिन जास्त पेट्रोल ओढते.

एक गोष्ट लक्षात ठेवावी. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे मौल्यवान धातू असतात. "हा काढून साधा पाइप टाकतो, स्वस्तात होईल" असे कोणी म्हटले तर नकार द्यावा. तुमचा किमती माल जातो आणि धुराचे प्रदूषण वाढते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रदूषणाचा नियम मोडल्यास पहिल्याच वेळी दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, तो वेगळाच.

आमचे काम एका पॅकिंगवर भागले. पण त्या मुलाने दोन फेऱ्या जो धूर घेतला, त्याचा हिशेब आमच्याकडे आहे. नोकर आपल्या भरवशावर गाडीत बसतो. मालाची गाठ जशी तपासून घेतो, तशी महिन्यातून एकदा गाडीखाली नजर टाकावी. कोणाचे डोके गाडीतच दुखत असेल तर आधी काचा उघडाव्यात, गाडी थांबवून त्याला बाहेर मोकळ्या हवेत आणावे, मग कारण शोधावे. बरे वाटले नाही तर थेट दवाखाना गाठावा.