पाणवठ्यावरील एक रात्र

वैशाखांतील बुद्धपौर्णिमेच्या रात्रीं महाराष्ट्रांतील पुष्कळ अरण्यांत लोक मचाणावर बसून पाणवठ्यावर येणाऱ्या पशूंची नोंद करितात. हीच रात्र कां निवडितात? वैशाखांत ओढे आटतात व पाणी थोड्याच ठिकाणीं उरतें. म्हणून तहानलेल्या पशूंस तेथें यावेंच लागतें. शिवाय पूर्ण चंद्र असल्यामुळें ते दिव्यावांचून दिसतात.

चंद्रपूर जिल्ह्यांतील ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्पाच्या कडेच्या रानांत आम्हीं एका वर्षीं ही रात्र काढिली. आरंभीं कांहींच दिसेना, कारण मनुष्याच्या डोळ्यांस अंधाराची पुरती संवय होण्यास सुमारें अर्धा तास लागतो. मग एक सांबर आलें. पाण्याला तोंड लावण्यापूर्वीं तें कितीतरी वेळ कान टवकारून वारा हुंगीत उभें राहिलें.

मध्यरात्रीनंतर अस्वलाची मादी पाठीवर पिलूं घेऊन आली. तिला नीट पाहावें म्हणून आम्हीं, आधीं बजावून सांगितलें असतांही, विजेची बत्ती लाविली. तिचे डोळे निखाऱ्यांप्रमाणें चमकले. रात्रीं हिंडणाऱ्या पुष्कळ पशूंच्या डोळ्यांत पडद्यामागें आरशासारखा एक थर असतो. तो आलेला प्रकाश परतवितो. म्हणून त्यांस अंधुक उजेडही पुरतो. मग आमची बत्ती तिला किती असह्य झाली असेल! ती तशीच वळली आणि पाण्याला न शिवतां निघून गेली. पहाट झाली तरी ती परत आली नाहीं.

सकाळीं आम्हीं वहींत लिहिलें : अस्वल १, पिलूं १. वनरक्षक म्हणाला, "साहेब, नोंद बरोबर आहे, पण तीं दोघें तहानलेलींच गेलीं, हें कोठें लिहाल?" आम्हांपाशीं उत्तर नव्हतें.

वाचकहो, वाघांची संख्या या रात्रीच्या नोंदीवरून ठरत नाहीं. एकच पशु दोनदां येतो, दुसरा मुळींच येत नाहीं. म्हणून २००६ सालापासून त्या कामीं रानांत आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरे लावितात व अंगावरील पट्ट्यांवरून वाघ ओळखितात. अर्थात् मचाणावर आपण पाहण्यास व शिकण्यासच जातों. मग त्या हौसेपायीं मुक्या जीवाचें पाणी तोडणें हा कोणता न्याय?

ज्यांचीं गांवें रानालगत आहेत त्यांनीं उन्हाळ्यांत धुणें व गुरांचें पाणी दिवसां उरकून सूर्यास्तापूर्वीं पाणवठा मोकळा करावा. दिवस आपला आहे; रात्र त्यांची राहूं द्यावी.