मूठ पिळण्याआधी

सातारा

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

‘रेस दिली की गाडी मिसिंग करते, गॅरेजवाले म्हणतात कार्ब्युरेटर नवा टाका, टाकू का?’ असं विचारलंस. नको. इतक्यात तर नकोच. ज्याने गाडीवर बसूनही पाहिलं नाही, त्याच्या सांगण्यावरून पैसे काढायचे नाहीत. पण नुसतं ‘मिसिंग करते’ म्हटल्यावर इथे बसून मलाही काही सांगता येणार नाही. कधी करते ते सांग. निघताना की पळताना? गार असताना की तापल्यावर? मूठ जराशी पिळल्यावर की पूर्ण? निम्मी दुरुस्ती या उत्तरांतच असते, आणि तिला पान्हा लागत नाही.

पहिला निवाडा कानाने कर. रत्नागिरीच्या बाजारातून मारुती मंदिराकडे चढताना गाडी झटके देते, तेव्हा इंजिनाचा आवाजही तुटतो, की आवाज एकसारखा चढतो आणि गाडीच तेवढी थरथरते? आवाज एकसारखा असेल आणि थरथर जागेवरून निघतानाच असेल, तर कार्ब्युरेटरचा काही संबंध नाही. क्लचचे शू गुळगुळीत झाले असतील, नाहीतर बेल्ट किंवा रोलर झिजले असतील. ते काम गॅरेजातच करून घे. आवाज तुटत असेल तर पुढे वाच.

मूठ पिळलीस की हवेची वाट एकदम उघडते. हवा हलकी, ती झटकन आत शिरते. पेट्रोल जड, ते मागे रेंगाळतं. तेवढा क्षण इंजिन उपाशी राहतं आणि अडखळतं. हे टाळायला तुझ्यासारख्या बिनगियरच्या फोरस्ट्रोक गाडीच्या कार्ब्युरेटरात एक सुरेख युक्ती केलेली असते. तुझी मूठ फक्त एक गोल झडप फिरवते. पेट्रोलची सुई ज्या पिस्टनला लावलेली असते तो वर येतो तो हवेच्या ओढीने, एका पातळ रबरी पडद्याच्या जोरावर. म्हणून तू कितीही घाईने पिळलंस तरी सुई इंजिनाला झेपेल तशीच वर येते. पण या पडद्याला टाचणीएवढं भोक पडलं की गाडी स्लोवर छान चालते आणि रेस दिली की दबते. अशा वेळी बदलायचा तो पडदा, अख्खा कार्ब्युरेटर नव्हे. आणि साफ करणाऱ्याला आवर्जून सांग, पडदा क्लीनरमध्ये बुडवू नकोस. रबर फुगतं आणि मग ते खाचेत बसत नाही.

मुठीचा कुठला टप्पा बिघडतो यावरूनही बरंच कळतं. जराशी पिळल्यावर अडखळत असेल तर स्लो जेटमध्ये कचरा आहे. मधल्या टप्प्यात दबत असेल तर सुई किंवा हा पडदा. पूर्ण पिळून चढावर दम टाकत असेल तर मेन जेट, नाहीतर मुळात टाकीतूनच पेट्रोल पुरेसं उतरत नसेल. बरीच गेल्यावर मान टाकते आणि थोडं थांबलं की पुन्हा चालते, असं असेल तर थांबल्या थांबल्या टाकीचं झाकण उघडून बघ. आत हवा ओढल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच ताळ्यावर आली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. फुकटात काम झालं.

तुझ्या बाबतीत मला मात्र आधी संशय पाण्याचा आहे. रत्नागिरीचा पाऊस, गाडी उघड्यावर, आणि सुट्टीत ती पडूनच होती. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी धरून ठेवतं, आणि पाणी प्रमाणाबाहेर गेलं की दोघं मिळून पेट्रोलला सोडून तळाशी बसतात. कार्ब्युरेटरच्या बुडाशी निचऱ्याचा स्क्रू असतो. इंजिन गार असताना, मोकळ्या हवेत, तो सैल करून तिथलं पेट्रोल काचेच्या बाटलीत घे आणि बाटली थोडा वेळ हलवू नकोस. खाली वेगळा थर किंवा तांबूस गाळ दिसला तर टाकीही रिकामी करून धुवावी लागेल. हे करताना आसपास उदबत्तीसुद्धा नको. आणि ती बाटली लांब नेऊन ठेवल्याशिवाय प्लगची ठिणगी तपासायची नाही, हे मी मामा म्हणून नाही, मेकॅनिक म्हणून बजावतोय.

प्लग काढून पाहायला शीक. टोक चॉकलेटी असेल तर सगळं ठीक. काळं, काजळी धरलेलं असेल तर पेट्रोल जास्त होतंय. एअर फिल्टर चोंदल्यावरही असंच होतं. तुझा फिल्टर तेलकट कागदाचा असेल तर तो हवा मारून साफ होत नाही, नवाच घालावा लागतो. टोक पांढुरकं असेल तर हवा जास्त. मग कार्ब्युरेटर आणि इंजिनाच्या मधला रबरी जोड चिरलाय का ते बोटांनी दाबून बघ. प्लगची फट मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाचीच ठेव. फक्त दमट दिवसांतच मिसिंग होत असेल तर रात्री अंधारात इंजिन चालू करून, हात न लावता, प्लगच्या टोपीकडे नुसतं बघ. निळसर ठिणग्या बाहेर उडताना दिसल्या तर टोपी नाहीतर वायर गेली.

मागच्या सर्व्हिसिंगला ‘अॅव्हरेज वाढवून द्या’ असं तू सांगितलं होतंस का? सांगितलं असशील तर हवेचा स्क्रू फिरवून पेट्रोल कमी केलं असणार. लिटरमागे चार किलोमीटर जास्त मिळावेत म्हणून रस्त्याच्या मधोमध अडखळणारी गाडी चालवण्यात कसलं शहाणपण?

आकुर्डीच्या चेतक स्कूटरच्या काळात सकाळी गाडी सुरू होईना की लोक ती एका अंगावर आडवी करायचे. तू हसशील, पण त्यात अर्थ होता. आडवी केली की पेट्रोल वर येऊन आत उतरायचं, आणि गार इंजिनाला तेच हवं असायचं. पुढे चांगल्या चालत्या गाड्याही लोक सवयीने आडव्या करू लागले, तो भाग वेगळा.

तू मात्र सवयीने काही करू नकोस; एका वेळी एकच गोष्ट बदल आणि चालवून बघ. प्लग, फिल्टर, पेट्रोल सगळं एका दमात बदललंस तर गाडी सुधारेल कदाचित, पण कशाने ते कळणार नाही. आणि तुझी मैत्रीण ‘माझीही बघ’ म्हणाली, तर तिची गाडी 2020 नंतरची आहे का ते आधी विचार. त्यांतल्या बहुतेक गाड्यांत कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शन असतं; तिथे मीटरवरचा इंजिनाचा दिवा काय सांगतो ते बघायचं आणि सर्व्हिस सेंटर गाठायचं.

रविवारी बाटली आणि प्लग, दोन्हींचे फोटो पाठव. उजेडात काढ, गेल्या वेळी ब्रेकचा फोटो पाठवलास त्यात तुझी चप्पलच जास्त दिसत होती.

तुझा
मामा