दाढ गेली तरी हाड सांभाळ

अगं सुमे, "मागची दाढ आहे, हसताना दिसतसुद्धा नाही, मग इम्प्लांटवर एवढा खर्च कशाला?" असं तू परवा फोनवर म्हणालीस. तुझ्याकडे पाहुण्यांचा गलका होता, म्हणून मी लांबण लावली नाही. पण हा विषय मी तेवढ्यावर सोडणार नाही.

दाढ काही दिसण्यासाठी नसते गं. तू काढलीस ती खालची पहिली मोठी दाढ, चावण्याचा सगळ्यात जास्त भार घेणारी. दिवाळीत चकलीचा तुकडा तू जिभेने डावीकडे सरकवत होतीस, ते मी पाहिलंय. आता तिथे काय होईल ते ऐक. तिच्या मागची दाढ हळूहळू मोकळ्या जागेत कलेल. वरच्या दाढेला खाली टेकायला काही उरलं नाही, की ती खाली उतरायला लागेल. फटीत घास अडकेल आणि चांगल्या दाढा किडतील. शिवाय हाड झिजेल. चावताना दाताच्या मुळाकडून जबड्याच्या हाडाला जो दाब मिळतो, तो थांबला की शरीर ते हाड कमी करत नेतं, आणि सगळ्यात जास्त झीज पहिल्याच वर्षात होते. म्हणून मी घाई करतेय.

आईचं आठवतंय ना? तिचं खालचं हाड इतकं सपाट झालं होतं की कवळी बोलताना उचलली जायची. लग्नाच्या पंगतीत ती वरण-भातावरच उठायची, कारण विचारलं तर भूक नाही म्हणायची. मग डॉक्टरांनी पुढच्या बाजूला दोन इम्प्लांट बसवले आणि कवळीला आतून त्यांवर बसणारी बटणं लावली. आता ती सकाळी कवळी दाबते, टक् असा आवाज येतो आणि कवळी जागची हलत नाही. परवा माझ्यासमोर तिने काकडीच्या चकत्या कराकरा खाल्ल्या.

इम्प्लांट म्हणजे मुळाच्या जागी हाडात बसवलेला टायटॅनियमचा छोटा स्क्रू. त्यावर नंतर कॅप बसते. स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना १९५२ मध्ये सशांवरच्या प्रयोगात दिसलं की हाडात ठेवलेलं टायटॅनियम हाडाशी घट्ट जुळून बसतं, काढू म्हटलं तरी निघत नाही. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला असे दात बसवले. म्हणजे हे काही कालपरवाचं खूळ नाही. हाडाला पुन्हा काम मिळतं, म्हणून ते टिकतं.

इम्प्लांटऐवजी शेजारच्या दाढांवर टेकवलेला ब्रिज स्वस्त पडतो, लवकर होतो, हे खरं. पण त्यासाठी शेजारच्या दोन्ही दाढा घासून बारीक कराव्या लागतात. त्या आधीच कॅप घातलेल्या असत्या तर मीच तुला ब्रिज कर म्हटलं असतं. तुझ्या दोन्ही धडधाकट आहेत, त्यांना का हात लावायचा?

दुखण्याची भीती मनातून काढ. माझ्या इम्प्लांटच्या वेळी जागा बधिर केल्यावर ड्रिलची घरघर जबड्यातून कानात येत होती, गार पाणी घशाशी जमत होतं, दाब कळत होता, पण कळ नव्हती. इंजेक्शन उतरल्यावर ठणका लागला, दोन-तीन दिवस गाल सुजला, मऊ भातावर भागवलं. खरा कस लागतो तो थांबण्यात. खालच्या जबड्यात हाड जुळायला साधारण तीन महिने लागतात, वरच्या जबड्यात त्याहून जास्त. तेवढा धीर धर.

आता जरा कडक बोलते. तुझी सकाळची मिश्री बंद करायची. तंबाखूने हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि हाड न जुळण्याचा धोका वाढतो. शुगर आटोक्यात आण, आणि हाडं ठिसूळ झाल्याची गोळी किंवा इंजेक्शन चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांग, लपवू नकोस. बसवलेला दात किडत नाही, पण नीट साफ ठेवला नाही तर भोवतीची हिरडी सुजते आणि हाड उतरतं, त्यामुळे फटीतला बारीक ब्रश रोज फिरवावाच लागेल.

पैशांचं म्हणशील, तर स्क्रू, कॅप आणि हाड भरावं लागलं तर त्याचा खर्च असा सगळा मिळून एकच आकडा लिहून माग. नुसत्या स्क्रूची किंमत ऐकून हो म्हणू नकोस. कोणत्या कंपनीचा इम्प्लांट बसवला ते कार्डही मागून घे, पुढे दुसऱ्या डॉक्टरकडे जावं लागलं तर तेच उपयोगी पडतं. तुमच्या संभाजीनगरात शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथेही चौकशी करू.

मी शनिवारी येतेय. दाढ काढली तेव्हाचा एक्स-रे, शुगरचा शेवटचा रिपोर्ट आणि तुझ्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत काढून ठेव.