दीड किलो कमी पडलं

आळंदीत प्रदक्षिणा रस्त्यालगतच्या एका बोळात आमचं घर आहे. मी चाकणच्या एका कंपनीत हिशेब खात्यात काम करते. वय ४१, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ८६ किलो. घरात नवरा, सासूबाई, बारा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा. मागच्या आषाढात, गोळ्या वाढवूनही तीन महिन्यांची सरासरी साखर ९.१ आली, तेव्हा डॉक्टरांनी वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा विषय काढला. ‘विचार करते’ म्हणून मी उठले. तो विचार अजून चालू आहे. या चार महिन्यांत जे उमगत गेलं, ते लिहून ठेवते आहे.

१. माझा आजार हा माझा दुर्गुण आहे, असं मी कित्येक वर्षं मनापासून मानत होते. आमचं घर माळकरी. संयमाला आमच्याकडे मोल आहे, आणि ते असावंच. पण तीच पट्टी मी माझ्या वजनाला लावली. चार वेळा मी निग्रहाने वजन उतरवलं, चारही वेळा ते व्याजासकट परत आलं, आणि दर वेळी मी स्वतःलाच दोष दिला. डॉक्टरांनी कागदावर जठराचं चित्र काढून दाखवलं. वरच्या फुगीर भागात घ्रेलिन नावाचं संप्रेरक तयार होतं, ते भूक जागवतं. वजन उतरलं की ते वाढतं, आणि शरीर गेलेलं वजन परत मागू लागतं. म्हणजे मी हरत होते ती लढाई एकट्या जिभेशी नव्हती. त्या दिवशी दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून मी बराच वेळ रडले. नंतर घरी हा विषय निघाला तेव्हा एक नातेवाईक म्हणाले, ‘ही पळवाट झाली, तोंडावर ताबा हवा.’ दुसऱ्यांनी २०११ साली नितीन गडकरींनी मुंबईत करून घेतलेल्या अशाच शस्त्रक्रियेचा दाखला दिला. दोघांचा वाद चांगला अर्धा तास चालला. मी आत चहा करत होते. मला काय वाटतं हे कुणी विचारलं नाही, आणि मीही बाहेर येऊन सांगितलं नाही. आता वाटतं, सांगायला हवं होतं.

२. उपास माझ्या साखरेला मानवत नव्हता, हे कळायला यंत्र लागलं. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण लहानपणापासून ऐकलेली, पण ती माझ्याबद्दल असेल असं कधी वाटलं नव्हतं. मी तर एकच वाटी खिचडी घ्यायचे. एका एकादशीला दुपारी, साबुदाण्याची खिचडी खाल्ल्यावर दोन तासांनी बोटाला सुई टोचली: २८७. दुसऱ्या दिवशी भाकरी, मेथीची भाजी आणि वरण खाल्ल्यावर तेवढ्याच वेळाने: १९२. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. हे आहारतज्ज्ञांनी आधीही सांगितलं होतं, पण आकडा स्वतःच्या बोटातून निघाला की वेगळाच लागतो. सासूबाईंना मी भीतभीत यंत्र दाखवलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. पुढच्या एकादशीला माझ्यासाठी वाटीभर दही, मूठभर भाजलेले दाणे आणि काकडीची कोशिंबीर झाकून ठेवलेली होती.

३. मी जेवत नव्हते, उरलेलं संपवत होते. शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्या माणसाला समुपदेशकाकडेही पाठवतात. त्या बाईंनी मला एकच गोष्ट लिहून आणायला सांगितली: आठवडाभर, उभ्याने काय काय खाल्लं. सकाळी सातला देहूफाट्यावर कंपनीची बस गाठायची, म्हणून चहा आणि मुलांच्या डब्यातून उरलेला पराठ्याचा तुकडा. संध्याकाळी चाकणच्या तळेगाव चौकात बस अडकली की पिशवीतला बिस्किटाचा पुडा. रात्री मुलाच्या ताटातला भात, मुलीच्या ताटातली अर्धी पोळी, पातेल्याच्या तळाशी राहिलेली आमटी. अन्न टाकायचं नाही, हे रक्तातच आहे. ज्या गावात दिवसभर कुठे ना कुठे पंगत बसते, तिथे अन्न टाकण्याचा विचारही पाप वाटतो. यादी भरली तेव्हा दिसलं की आठवड्यात एकही रात्र मी माझं स्वतःचं ताट वाढून घेतलं नव्हतं. शस्त्रक्रिया होवो न होवो, आता मी ताट वाढून बसते. मुलांचं उरलेलं डब्यात जातं आणि सकाळी फोडणीचा भात होतो.

४. आकड्यांनाही गाव असतं, देश असतो. हे मला सगळ्यांत उशिरा कळलं, आणि त्यातच मी सगळ्यांत जास्त अडकले. वजनाला उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय निघतो. माझा ३४.४. ही शस्त्रक्रिया पूर्वी ज्यांचा आकडा ४० च्या वर, किंवा मधुमेहासारखा आजार असल्यास ३५ च्या वर, त्यांच्यासाठी मानली जायची. २०२२ साली या क्षेत्रातल्या जागतिक आणि अमेरिकी संघटनांनी मिळून ती मर्यादा खाली आणली. आशियाई माणसांसाठी तर २७.५ पासूनच विचार करावा असं म्हटलं. असं का, याचं उत्तर आपल्या पुण्याजवळच सापडलेलं आहे हे ऐकून मी चकित झाले. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने खूप हलकी, पण अंगावरची चरबी मात्र त्या मानाने कमी नाही. दिसायला बारीक, आतून चरबीचं शरीर. म्हणूनच माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी, पट्ट्याला जादा भोक पाडून घालणारा, तोही मधुमेहाच्या गोळ्या घेतो.

वैद्यकाच्या दृष्टीने मी शस्त्रक्रियेला पात्र आहे. विम्याचा नियम वेगळा आहे. लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळायला आकडा ४० हवा, किंवा आटोक्यात न येणाऱ्या मधुमेहासारखा गंभीर आजार असेल तर ३५, आणि आधी साधे उपाय करून ते फसलेले असले पाहिजेत. माझ्या उंचीला ३५ म्हणजे ८७.४ किलो. मी जवळजवळ दीड किलोने कमी पडले. फोनवरचा माणूस सहज म्हणाला, ‘मॅडम, थोडं वाढवून घ्या ना.’ सांगायला जड जातं, पण मी तसं केलं. सहा दिवस. आळंदीत लग्नांना तोटा नाही. दोन कार्यांत मी जिलबीला नाही म्हटलं नाही. सहाव्या रात्री साखर ३४१ झाली, तोंड कोरडं, पायांत गोळे, आणि मुलगी उशाशी पाण्याचा तांब्या घेऊन बसलेली. उपचाराचे पैसे मिळावेत म्हणून मी आजार वाढवत होते. त्या रात्रीनंतर तो विचार सोडला. पैशाचं दुसरं काहीतरी बघावं लागेल. पण मधुमेहाने पोखरत चाललेल्या बाईला अर्ध्या आकड्यासाठी दारात थांबवणारा नियम मला चुकीचाच वाटतो.

५. ही शस्त्रक्रिया म्हणजे पोट लहान करणं, एवढंच मला ठाऊक होतं. तिचे दोन प्रकार मला समजावले. स्लीव्हमध्ये जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात, तो परत येत नाही. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला पुढे जोडतात. (बायपास म्हटल्यावर सासूबाईंना वाटलं माझं हृदय गेलं, त्यांना समजवायला एक अख्खी संध्याकाळ लागली.) नवल पुढे आहे. वजन फारसं उतरायच्या आधीच, काही दिवसांत साखर खाली येऊ लागते. अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोचतं, तिथून इन्सुलिनला साथ देणारी संप्रेरकं जास्त सुटतात, हे त्याचं एक कारण. अमेरिकेतले शल्यचिकित्सक वॉल्टर पोरीज यांनी १९९५ साली हे मांडलं तेव्हा त्यांच्या निबंधाचं शीर्षकच ‘कुणाला वाटलं असतं?’ अशा अर्थाचं होतं. आपल्या पुण्यातही डॉ. शशांक शहा आणि डॉ. जयश्री तोडकर यांनी बीएमआय ३५ च्या खाली असलेल्या पंधरा मधुमेहींवर केलेल्या बायपासचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. माझ्यासारखीच माणसं ती.

हे वाचून मी दोन दिवस हरखून गेले होते. मग डॉक्टरांनी अमेरिकेत क्लीव्हलंडला झालेल्या एका चाचणीचे पाच वर्षांनंतरचे आकडे दाखवले. १५० रुग्ण. तीन महिन्यांची साखर ६ किंवा त्याखाली राहिली ती बायपासवाल्या शंभरांतल्या २९ जणांची, स्लीव्हवाल्या २३ जणांची, आणि नुसत्या औषधांवर असलेल्या ५ जणांची. पाचपेक्षा एकोणतीस पुष्कळ मोठे. पण उरलेले एकाहत्तर? त्यांतल्या बऱ्याच जणांची औषधं कमी झाली, साखर पूर्वीपेक्षा बरी राहिली, पण मधुमेह गेला नाही. मी मनात ‘सुटका’ हा शब्द धरून बसले होते. तो आता सोडलाय.

आठवड्याला एकदा घ्यायची नवी इंजेक्शनं २०२५ साली आपल्याकडे आली, त्यांबद्दलही बोलणं झालं. तो रस्ता बंद नाही. पण ती थांबवली की वजन बहुधा परत चढतं, आणि दर महिन्याचा खर्च आमच्या घराला झेपणारा नाही.

६. उशीर मी शस्त्रक्रियेच्या विचाराला केला नाही, त्याच्या कितीतरी आधी केला. मुलाच्या वेळी सातव्या महिन्यात साखर निघाली होती. बाळंतपणानंतर दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तपासा, पुढे दरवर्षी तपासा, असं कार्डावर लिहून दिलेलं होतं. मुलाच्या लसीची एकही तारीख चुकली नाही. माझी तपासणी मात्र तो दोन वर्षांचा होईपर्यंत झाली नाही. कागदावर माझा मधुमेह पाच वर्षांचा आहे. शरीरात केव्हापासून, ते मला सांगता येत नाही. आणि मधुमेह जितका जुना, स्वादुपिंड जितकं थकलेलं, तितका शस्त्रक्रियेचा गुण कमी, म्हणून सी-पेप्टाइडची तपासणी करायला सांगितली. अहवाल येईपर्यंतचे तीन दिवस मी त्या कार्डाचाच विचार करत होते. स्वादुपिंडात अजून बऱ्यापैकी जोर आहे, असं निघालं.

७. शस्त्रक्रिया दीड-दोन तासांची, पण जेवण जन्मभराचं. आधी दोन आठवडे यकृत आक्रसावं म्हणून पातळ, कमी उष्मांकाचा आहार. नंतर आधी पाण्यासारखं, मग पातळ, मग कुस्करलेलं, मग मऊ. घास बारीक चावायचा, जेवताना पाणी नाही. दिवसाला निदान साठ ग्रॅम प्रथिनं. इथे मी आहारतज्ज्ञांना गळ्यातली माळ दाखवली. अंडं, मासळी काहीच नाही. वाटीभर वरणात सहा-सात ग्रॅम, आणि पोटात मावणार अर्धी वाटी. मग पनीर, घट्ट दही, सोयाबीन, आणि दुधापासून केलेली प्रथिनांची भुकटी, असा हिशेब त्यांनी बसवून दिला. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या कायमच्या. शाकाहारी माणसात आणि मेटफॉर्मिन घेणाऱ्यात बी-१२ आधीच कमी असतं, मी दोन्ही आहे. सुरुवातीच्या महिन्यांत केस गळतील, पित्ताशयात खडे होऊ शकतात. हे सगळं नवऱ्याने वहीत उतरवून घेतलं. बाहेर आल्यावर तो म्हणाला, ‘भाजी मी करायला शिकतो.’ आमच्या सोळा वर्षांच्या संसारात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. आता मंगळवार आणि शनिवारची भाजी त्याच्याकडे आहे.

८. मला स्वतःची तारीख देता येत नाही. तपासण्यांसाठी दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी म्हटलं, मुलीची चाचणी परीक्षा होऊ दे. मग दिवाळी. मग महिनाअखेरचे हिशेब. मग कार्तिकी, कारण कार्तिक वद्य एकादशीपासून माउलींच्या समाधी सोहळ्यापर्यंत आमच्या ओसरीवर परभणीकडची दिंडी उतरते, सतरा-अठरा माणसं, आणि स्वयंपाक माझ्याकडे असतो. पलीकडची मुलगी नम्रपणे म्हणाली, ‘ताई, मी पुन्हा कधी फोन करू?’ मला काही सुचेना. सासूबाई शेजारी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं असणार, कारण रात्री त्यांनी जाऊबाईंना फोन लावून यंदा कार्तिकीला आठ दिवस राहायला या, असं सांगितलं. मला त्या काही बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी एंडोस्कोपी आणि झोपेच्या तपासणीसाठी दोन दिवसांच्या रजेचा अर्ज भरला. कारणाच्या रकान्यात आजवर मी ‘घरगुती’ असं लिहीत आले. या वेळी ‘स्वतःचा उपचार’ लिहिलं.