झाड शत्रू नसते

वाचन : अनुवाद 20:19-20



सिद्धेश्वर तलावाकाठच्या आपल्या भुईकोट किल्ल्याला मे 1818 मध्ये इंग्रज फौजेने वेढा घातला होता. वेढा म्हटला की आपल्याला तोफा आणि तटबंदी आठवते. पण कोणत्याही फौजेला लाकूड, सरपण आणि जनावरांसाठी चाराही लागतो. तो भार आसपासच्या रानावर पडतो.

आजचे वाचन अशाच प्रसंगाविषयी आहे. शहराला कितीही दिवस वेढा पडला तरी तेथील फळझाडांवर कुऱ्हाड चालवू नका, अशी आज्ञा मोशेद्वारे इस्राएल लोकांना मिळाली. त्या झाडांवर माणसाचे पोट अवलंबून आहे, आणि झाड काही लढायला आलेले नाही. वेढ्याच्या कामासाठी फळ न देणारी झाडे तोडण्याची मुभा होती. म्हणजे युद्धाच्या गरजेलाही देवाने मर्यादा घातली.

हाच विचार आपल्या मराठी मातीतही दिसतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराच्या लाकडासाठी रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये, असे बजावले आहे. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत वाढत नाहीत. रयतेने ती जिवापाड जपलेली असतात. झाड जीर्ण झाले असेल तरच मालकाला राजी करून, मोबदला देऊन तोडावे.

ही मर्यादा सुटली की काय होते? व्हिएतनाम युद्धात 1961 ते 1971 या काळात अमेरिकी सैन्याने जंगले आणि पिके नष्ट करण्यासाठी सात कोटी लिटरहून अधिक तणनाशके फवारली. युद्ध 1975 मध्ये संपले. पण बिएन होआ विमानतळावरील विषारी माती स्वच्छ करण्याचे मोठे काम 2019 मध्ये सुरू झाले. तह झाला तरी मातीची जखम लगेच भरत नाही.

पुढे 1977 च्या जिनिव्हा करारपत्रात युद्धकाळात निसर्गाचे गंभीर नुकसान टाळण्याचे कलम आले. 2001 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी 6 नोव्हेंबर हा दिवस याच विषयाच्या स्मरणासाठी ठरवला. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीही 2015 च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात युद्धामुळे होणाऱ्या निसर्गहानीकडे लक्ष वेधले.

सैन्यात सेवा करणाऱ्या आपल्या मुलांसाठी आपण प्रार्थना करतोच. त्याबरोबर युद्धभूमीवरील विहिरी, शेते आणि झाडांसाठीही करू या. युद्धानंतर घरी परतणाऱ्यांना त्यांच्याच आधाराने जगायचे असते.

चिंतनासाठी :
1. युद्धाच्या बातम्या ऐकताना तेथील जमीन-पाण्याचा विचार माझ्या मनात येतो का?
2. भाऊबंदकीच्या किंवा बांधाच्या भांडणात मी कधी रागाने झाड तोडले आहे का?