लघुरेल्वे : तिचे खरे आणि तिचे खोटे

पृथ्वीचा गोल, मानवी सांगाडा, ज्वालामुखीचा मातीचा छेद अशी साधने वर्गात आपण नित्य पाहतो. जी वस्तू एका दृष्टिक्षेपात मावत नाही ती लहान करून दाखवावी, हा अध्यापनाचा फार जुना मार्ग आहे. परंतु वस्तू लहान केली म्हणजे तिच्यातले काय टिकते आणि काय हरवते, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. यंदाच्या शैक्षणिक सहलीनंतर आमच्यावर तो विचारण्याची पाळी आली. उत्तर शोधताना जे हाती लागले, ते विद्यार्थी व पालक यांच्यापुढे ठेवीत आहोत.

कोसाडच्या मुलांना रेल्वेचे नवल ते काय असणार! सुरतेहून उत्तरेस निघालेली गाडी तापी ओलांडते, उतराण मागे टाकते आणि मग कोसाड लागते. ‘बी. बी. सी. आय.’ ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रेल्वे कंपनीने आपला पहिला मार्ग १८६० साली उघडला तो अंकलेश्वर ते उतराण हा, म्हणजे आपल्या गावावरूनच. मुंबईपर्यंत ती कंपनी १८६४ साली पोहोचली. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांचे आजोळ खानदेशात आहे. त्यांची गाडी उधन्याहून पूर्वेस वळते. सुरत ते अमळनेर हा मार्ग १९०० साली सुरू झाला नसता, तर आज ह्या परिसरात मराठी शाळेची घंटा वाजली असती की नाही, कोण जाणे!

तरीही पुण्यास कोथरूड भागात असलेले जोशी लघुरेल्वे संग्रहालय पाहताना आमची मुले पापणी लववीनात. कै. भाऊसाहेब जोशी यांच्या दीर्घकाळ जोपासलेल्या छंदातून उभे राहिलेले हे संग्रहालय १९९८ साली लोकांस खुले झाले. एका दालनात एक लहानसे नगर वसविलेले आहे. त्यात डोंगर, बोगदे, पूल, रस्ते, सर्कशीचा तंबू, दिव्यांचे खांब आणि सिग्नल आहेत, आणि ह्या सर्वांमधून आगगाड्या धावतात. निवेदन सुरू झाले की एकामागून एक गाड्या सुटतात. दालनातील दिवे मंदावले की नगरात रात्र होते व खिडक्या उजळतात. आमची घरची बोली कोंकणी. आमच्या मुलुखातील कोकण रेल्वेचा मार्गही त्याच १९९८ साली पूर्ण झाला. त्यामुळे त्या चिमुकल्या बोगद्यातून गाडी बाहेर पडली तेव्हा मुलांइतकेच आम्हीही हरखलो, हे कबूल केले पाहिजे.

हा केवळ श्रीमंतांचा खेळ आहे असे कोणी समजू नये. लंडन शहरात १९१० साली अशा हौशी लोकांचा एक संघ स्थापन झाला, तो आजही चालू आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेच्या विद्यार्थ्यांनी १९४६-४७ च्या सुमारास असाच संघ काढला. सांधे व सिग्नल आपोआप चालावेत म्हणून ते टेलिफोन-यंत्रणेतील विद्युत्‌कळा जोडीत बसत. त्यांच्यापैकी काही जण पुढे संगणकाच्या क्षेत्रातील आद्य अभ्यासकांत गणले गेले.

प्रमाणाचे गणित

जगात अशा नमुन्यांसाठी सर्वांत रूढ असलेले प्रमाण १:८७ हे होय. हा विचित्र आकडा कोठून आला? खऱ्या रेल्वेच्या १ फुटाला नमुन्यात साडेतीन मिलिमीटर धरावयाचे असे ठरले. १ फूट म्हणजे ३०४.८ मिलिमीटर. त्यास साडेतीनाने भागले की सुमारे ८७ येतात.

आता आपल्या गाड्यांस हे माप लावू. हल्लीच्या तांबड्या नव्या धर्तीच्या डब्याची लांबी सुमारे साडेतेवीस मीटर असते. तो नमुन्यात २७ सेंटिमीटर होईल, म्हणजे वर्गातील फूटपट्टीपेक्षा थोडा कमीच. कोकणातील साडेसहा किलोमीटर लांबीच्या करबुडे बोगद्यास सुमारे ७५ मीटर जागा लागेल. अंकलेश्वर ते उतराण हे सुमारे ४७ किलोमीटरांचे अंतर मांडावयाचे तर ५४० मीटर लांबीचे टेबल लागेल! म्हणून प्रत्येक नमुनाकार डबे मापात करतो आणि अंतरे मात्र आखडतो.

वळणांचेही असेच आहे. आपल्या रुंदमापी मार्गावर वळणाची त्रिज्या १७५ मीटरांहून कमी ठेवीत नाहीत. नमुन्यात ती २ मीटर यावयास हवी. प्रत्यक्षात टेबलावरील वळणे पुष्कळदा अर्ध्या मीटरच्या आसपास असतात. आपल्याकडे दोन रुळांतील अंतर १६७६ मिलिमीटर, म्हणजे नमुन्यात १९ मिलिमीटरांहून किंचित अधिक. परंतु ह्या प्रमाणाचे तयार रूळ साडेसोळा मिलिमीटरांचे असतात, कारण ते युरोपातील १४३५ मिलिमीटर मापावरून घेतलेले आहेत. अर्थात असे तयार रूळ वापरून भारतीय गाडीचा नमुना केला, तर तिची चाके खऱ्या मापापेक्षा जवळ आणावी लागतात. ही असत्ये निरुपद्रवी आहेत. ती जाणून घेतली म्हणजे पाहण्याचा आनंद वाढतोच.

सिग्नलांचे सत्य

ज्या बाबतीत नमुना खऱ्याच्या अगदी जवळ जातो, ती म्हणजे दोन गाड्यांतील अंतर राखण्याची रीत. खऱ्या रेल्वेत मार्गाचे विभाग पाडलेले असतात. एका विभागात एक गाडी असताना दुसरीस आत सोडावयाचे नाही, हा नियम. नमुन्यातही रुळांचे तुकडे विजेच्या दृष्टीने एकमेकांपासून तोडता येतात. पुढच्या तुकड्यात गाडी असली की मागच्या तुकड्याची वीज बंद होते व मागची गाडी उभी राहते.

खऱ्या मार्गावर हे कसे कळते? अनेक ठिकाणी रुळांतूनच एक मंद विद्युत्‌प्रवाह खेळविलेला असतो. गाडी आली की तिची लोखंडी चाके व आस दोन्ही रूळ जोडतात, प्रवाह मधूनच परततो, पलीकडची कळ सुटते आणि सिग्नल तांबडा होतो. अमेरिकन अभियंता विल्यम रॉबिन्सन याने १८७२ साली ह्या युक्तीचे एकस्व घेतले. तिची थोरवी अशी की रूळ तुटला, तार निसटली किंवा वीजच गेली, तरीही कळ सुटते आणि सिग्नल तांबडाच होतो. यंत्रास शंका आली तर त्याने ‘थांबा’ म्हणावे, ‘जा’ म्हणू नये. माणसांनीही शिकावी अशी ही रीत आहे.

जेथे नमुना फसवितो

सहलीहून परतल्यावर चौथ्या दिवशी सकाळी आम्ही शाळेकडे येत असता, नववीतील चार मुले दप्तरे सावरीत रूळ ओलांडताना दिसली. शाळेत त्यांना बोलावून रागे भरलो. त्यांतील एक हुशार मुलगा शांतपणे म्हणाला, “सर, ड्रायव्हरला आपण लांबूनच दिसतो ना? पुण्याला बटण दाबल्यावर गाडी कशी जागच्या जागी उभी राहिली! मग खरी गाडी का नाही थांबणार?”

आम्हांस चटकन उत्तर देता आले नाही. त्याहून मोठी अडचण ही की, उशीर झाला म्हणजे आम्ही स्वतःही त्याच वाटेने रूळ ओलांडीत असू, आणि हे त्या मुलांना ठाऊक होते. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. म्हणून विज्ञान शिकविणाऱ्या सहकाऱ्यांस विनंती केली आणि दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून फळ्यावर पुढील गणित मांडले.

गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने येत आहे, म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. ब्रेक लावल्यावर दर सेकंदास तिचा वेग सेकंदाला अर्धा मीटर ह्या हिशेबाने घटतो असे धरू. वेगाचा वर्ग करून त्यास ह्या घटीच्या दुपटीने भागले की थांबण्याचे अंतर मिळते. येथे घटीची दुप्पट म्हणजे १. तेव्हा अंतर आले सुमारे ७७० मीटर. मोटारगाडी कोरड्या रस्त्यावर ह्याच वेगातून पन्नास-साठ मीटरांत थांबू शकते, कारण रबर डांबरास धरून राहते. आगगाडीचे पोलादी चाक पोलादी रुळावर असते. त्यांच्यात घर्षण कमी, म्हणून गाडी सुखाने धावते. आणि घर्षण कमी, म्हणूनच ती लवकर थांबत नाही. जो गुण, तोच दोष.

आता नमुन्याकडे वळू. ताशी १०० किलोमीटरचा ८७ वा हिस्सा म्हणजे सेकंदाला सुमारे ३२ सेंटिमीटर. वेग तेवढ्याच हिशेबाने घटला तर गाडी किती अंतरात थांबेल? अवघ्या १० सेंटिमीटरांत! प्रमाणाला धरून पाहिले तर हे अंतर ७७० मीटरांचा ८७ वा हिस्सा, म्हणजे ८ मीटर ८५ सेंटिमीटर हवे होते. कित्येक घरांतील खोलीही तेवढी लांब नसते. असे का झाले? लांबी ८७ पटींनी घटली, पण थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्याने ते ८७ गुणिले ८७ पटींनी घटले. वजनाचे तर त्याहून नवल. लांबी, रुंदी व उंची ही तिन्ही घटतात, म्हणून वजन ६ लक्ष ५८ हजार ५०३ पटींनी घटते. १२३ टनांचे विजेचे इंजिन ह्या हिशेबाने १८७ ग्रॅमांचे होते. ते बोटास लागले तर हसू येईल. १२३ टनांविषयी काय सांगावे?

फळ्यावरील आकडे मुलांनी उतरवून घेतले, परंतु डोळ्यांस पटले नव्हते. म्हणून सायंकाळी आम्ही सर्वांस शाळेसमोरील सरळ रस्त्यावर नेले. तो प्रश्न विचारणाऱ्या मुलाच्या हाती तांबडा रुमाल दिला आणि ७७० मीटर मोजीत चालावयास सांगितले. बाकीचे फाटकापाशी उभे राहिले. मुलगा लहान होत गेला, मग ठिपका झाला. त्याने रुमाल हालविला असे तो मागाहून म्हणाला. आम्हांपैकी कोणासही तो दिसला नाही. त्याला त्याच्या मित्रांनीही ओळखले नसते. तेवढ्या अंतरावरून, दिसताक्षणीच ब्रेक लावला, तर गाडी कशीबशी फाटकापाशी येऊन उभी राहणार होती.

परत आल्यावर तो मुलगा काही बोलला नाही. आम्हीही उपदेश केला नाही. फक्त सर्वांसमोर इतकेच सांगितले की, त्या वाटेने यापुढे आम्ही येणार नाही.

नमुना हा गुरू आहे, पण तो अर्धाच धडा शिकवितो. उरलेला अर्धा गणिताने आणि स्वतःच्या पावलांनी पुरा करावा लागतो. पुण्याचे ते सुंदर नगर प्रत्येकाने अवश्य पाहावे. पाहताना मात्र ह्यातील खरे किती आणि लहान होताना हरवले किती, हे सोबत विचारावे. हल्ली आम्ही लांबच्या, पण राजरोस वाटेने शाळेत येतो. अकरा मिनिटे अधिक लागतात. वाटेत ती चार मुलेही भेटतात.

स्वाध्याय

१. आपल्या वर्गाची लांबी, रुंदी व उंची मोजा आणि १:८७ प्रमाणात ती किती होतील ते काढा.

२. गाडीचा वेग दुप्पट झाला तर थांबण्याचे अंतर किती पट होईल? ताशी १३० किलोमीटर वेगासाठी, वर धरलेल्या हिशेबाने, अंतर काढा.

३. तार तुटली असता सिग्नल तांबडा होणे योग्य की हिरवा होणे? कारणे द्या.

४. वर्गातील पृथ्वीच्या गोलावर पर्वत हाताला लागतात. ते प्रमाणास धरून आहेत काय? गणित करून ठरवा.