सुतारी बाकाचे माप

आपल्याकडचा परंपरागत सुतार बसून काम करतो. एक पाय दुमडायचा, दुसऱ्या पायाच्या तळव्याखाली लाकूड दाबून धरायचे आणि दोन्ही हात करवतीला नाहीतर पटाशीला मोकळे ठेवायचे, ही त्याची रीत. पाय हाच त्याचा शिकंजा. उभ्याने काम करावयाचा जड बाक मुख्यतः युरोपातील सुतारांचा. फ्रान्समधील आंद्रे-जाकोब रूबो या कारागिराने १७६९ ते १७७५ या काळात सुतारकामावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात दाखवलेल्या बाकाची फळीच पाच-सहा इंच जाड आहे!

बसून काम करणे मागासलेपणाचे, असे मात्र मी म्हणणार नाही. वाकसाने लाकूड तासायला जमिनीवरचा ठोकळाच बरा. शिवाय अवजारांची पेटी उचलून गिऱ्हाइकाच्या अंगणात जाऊन बसता येते. क्विंटलभर वजनाचा बाक कोण नेणार? पण या रीतीची सारी भिस्त गुडघ्यांवर. आमच्या बाबांनी सापगावात पस्तीस वर्षे असे काम केले आणि आता त्यांचे गुडघे दुमडत नाहीत. हल्ली दरवाजे तयार मिळतात, तरी चौकटी, देव्हारे, चौरंग आणि दुरुस्ती ही कामे येत असतात. उभ्याने काम जमले तर धंदा चालेल, नाहीतर अवजारे माळ्यावर जातील. म्हणून गेल्या दिवाळीपासून बाकाचे माप हा आमच्या घरातील वादाचा विषय आहे. मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी. पण घरात पुस्तक उघडून काही शोधणारी मीच पहिली, तेव्हा हिशेब माझ्याकडे आला.

पहिला प्रश्न उंचीचा, आणि खरे तर तोच सर्वांत अवघड. सरळ उभे राहावे, हात खाली सोडावा आणि तळहात जमिनीला समांतर धरावा. जमिनीपासून तळहातापर्यंतचे अंतर ही बाकाची उंची, असा एक सर्वसाधारण नियम आहे. बाबांची उंची पाच फूट चार इंच. त्यांचे हे माप तीस इंच भरले. परंतु नियम इथेच सोडून चालत नाही. रंधा मारताना हात बाकावर नसतो, रंध्यावर असतो. रंध्याखाली लाकूड असते. बाबांचा रंधा जुना, लाकडी, लोखंडी रंध्यापेक्षा उंच अंगाचा. त्याखाली अडीच इंच जाडीचे चौकटीचे लाकूड ठेवले की हात चांगलाच वर जातो. मग जोर दंडातून लावावा लागतो, अंगाचे वजन कामी येत नाही आणि तासाभरात खांदे भरून येतात. बाक फार खाली असेल तर कंबर वाकते. नक्षीच्या बारीक कामाला उंच बाक बरा, कारण तिथे जोरापेक्षा नजर जवळ हवी. आमचे मुख्य काम रंध्याचे, म्हणून तिसातून दोन वजा करून अठ्ठावीस इंच ठरवले. तरीही पाय आधी दोन इंच जास्तच ठेवायचे, आठ दिवस काम करून पाहायचे आणि मग कापायचे. (कॉलेजातले बाक कोणाला उभे-बसते करून मापले असतील, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.)

लांबी ठरवली ती पडवीने. आमची पडवी अकरा फूट लांब. आठ फुटी बाक केला तर दोन्ही टोकांना मिळून तीनच फूट उरतात, माणसाला वळायलाही जागा राहत नाही. चौकटीचा उभा तुकडा सात फुटांचा असतो. पण तो सहा फुटी बाकावर अर्धा-अर्धा फूट दोन्हीकडे बाहेर राहिला तर काही बिघडत नाही. म्हणून बाक सहा फुटी. तो पडवीच्या उघड्या बाजूच्या रेषेत लावायचा, म्हणजे त्याहून लांब लाकूड सरळ अंगणात बाहेर काढता येते.

रुंदीबद्दल थोडक्यात सांगते. पलीकडच्या कडेला हात सहज पोचला पाहिजे. बावीस इंच पुरे. त्याहून रुंद बाकावर अवजारांचा पसारा तेवढा साचतो.

वजनाचा मुद्दा माझ्या आधी लक्षात आला नव्हता, तो बाबांनी सांगितला. रंधा पुढे गेला की त्याच्याबरोबर हलका बाकही पुढे सरकतो. आमच्या बाकाला साधारण चार घनफूट लाकूड लागते. सुके सागवान घनफुटाला सुमारे अठरा किलो, ऐन चोविसाच्या आसपास. म्हणजे सागवानी बाक सत्तर-बहात्तर किलोंचा, ऐनाचा पंचाण्णवच्या पुढे. सागवान वळत नाही, ऐन सुकताना तडकतो. पण किंमत आणि वजन दोन्हीं बाबतींत ऐन आमच्या सोयीचा. स्लॅबच्या घरासाठी एक जुने घर पाडले, त्याची ऐनाची तुळई आम्ही घेतली. ती इतकी वर्षे छपराखाली सुकलेली, आता काय तडकणार? तिच्या सात इंची तीन फळ्या निघाल्या, अडीच इंच जाड. दोन फटी अर्ध्या इंचाच्या सोडल्या की बरोबर बावीस इंच होतात. या फटी हव्यातच. आमच्याकडे पावसाळ्यात लाकूड रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाही; घट्ट जोडलेल्या फळ्या श्रावणापर्यंत एकमेकींना उचलून धरतील.

वाद राहिला तो वेगळाच. माझा भाऊ दहावीला, आताच पाच फूट आठ इंच. बाबांचे म्हणणे, "पोऱ्याच्या मापाचा कर. माझं किती दिवसांचं?" भावाच्या मापाने बाक तीस इंची व्हावा लागेल. तो हा धंदा करील की आसनगावच्या बाजूला नोकरी धरील, हे तो स्वतःही सांगत नाही. दोन इंचांचाच प्रश्न, पण त्या दोन इंचांनी रोज दुखणार ते बाबांचे खांदे. मी बाबांना सांगितले, की उंच माणसाला बाकाच्या पायांखाली दोन इंची ठोकळे देता येतात. उंच बाकावर ठेंगण्या माणसाला मात्र सबंध लांबीची फळी पायांखाली घ्यावी लागते, आणि कामाच्या भरात ती पायात येते. यावर ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी खतावणी घेऊन पायांवर रेघा मारू लागले. मी जाऊन पाहिले, तर रेघ माझ्याच मापावर होती.

पडवीची जमीन सारवणाची आहे. ओल आणि वाळवी लागू नये म्हणून प्रत्येक पायाखाली चपटा दगड जमिनीत बसवायचा आहे. त्याचा माथा सारवणाच्या दोन सूत वर राहील. तेवढे दोन सूत पायातून कमी करायचे, हे मी वहीत लिहून ठेवले आहे.